लस टाळणे हाही प्रमादच



गेल्या आठवड्यात मंदिरातून परतताना शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आमची मनी घराबाहेर पाऊलही टाकत नाही. तिला कशाला हो सुई टोचायची? मुका जीव!" मला लगेच उत्तर देता आले नाही. सतरा वर्षांपूर्वी हेच शब्द माझ्या तोंडी होते.

तेव्हा मुलाने दोन महिन्यांचे पिल्लू आणले होते, मोती. पावसाळा संपू दे, मग बघू, असे म्हणत मी लस लांबवली. एके दिवशी त्याला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो! चार दिवस सलाइन लावले, पाचव्या दिवशी तो गेला. मोतीने अंगण कधी ओलांडले नव्हते. पण हा विषाणू आपल्या चपलांना चिकटूनही घरात येतो, हे मला नंतर कळले. मांजरांनाही त्याच जातकुळीतला आजार होतो.

मी कॉमर्सची, हिशोब मांडायची सवय. लशीपेक्षा उपचारांचा खर्च कितीतरी पट झाला. पण खरा हिशोब पैशांचा नव्हेच. आपल्या धर्मात हिंसेचे मूळ प्रमादात सांगितले आहे. सुई क्षणभर दुखते, पण त्यामागे भाव रक्षणाचा असतो. साधन हाताशी असून आज-उद्या करणे, हा प्रमाद. तो माझ्याकडून घडला.

म्हणून आता नीट सांगते. कुत्र्याच्या पिल्लाला पहिली लस सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लशीला नीट काम करू देत नाही आणि ती केव्हा ओसरेल हे सांगता येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा डोस. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो माणसांनाही होतो, त्याचीही लस विचारून घ्या. मांजराची लस वेगळी असते, ती आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू होते. रेबीजची मात्र तिलाही हवीच.

आधी जंताचे औषध द्या. पिल्लू आजारी असेल तर डॉक्टरांना सांगा. लशीनंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. एखादा दिवस मरगळ चालेल, पण तोंड सुजले किंवा धाप लागली तर लगेच परत न्या. प्रत्येक नोंद पुस्तिकेत करून घ्या, बँकेच्या पासबुकासारखी.

आणि एक. रेबीजची लक्षणे दिसू लागली की प्राणी काय, माणूस काय, वाचणे जवळजवळ अशक्य. लस दिलेला प्राणी चावला तरी जखमेवर हळद-तिखट लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

वहिनींना मी मोतीची गोष्ट सांगितली. काल आम्ही दोघी मनीला टोपलीत घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. ती एकदाच ओरडली आणि घरी येऊन वाटीभर दूध पिऊन झोपली.

तुमच्याकडची पुस्तिका आज काढून बघाल ना? पुढची तारीख उलटून तर गेली नाही?