भीमरा नगरीची गोष्ट किती तासांची?

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
मध्य प्रदेश राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास निगम, भोपाळ



२३ जुलै २०१४ रोजी स्टीमवर 'अनरेस्ट' नावाचा एक रोल-प्लेइंग गेम (आरपीजी) आला. बनवणारा स्टुडिओ आपल्याच शहरातला: अरविंद राजा यादव यांचा पायरोडॅक्टिल गेम्स. लेखन अमेरिकेतल्या सहकाऱ्याचं, पण पाटी भोपाळची. आदल्या वर्षी या गेमसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर त्यांनी फक्त ३ हजार डॉलर मागितले होते. लोकांनी ३६ हजारांहून अधिक दिले. भोपाळमध्ये राहूनही जगभरच्या खेळाडूंसाठी गोष्ट रचता येते, हे सिद्ध झालं. इथल्या फार थोड्या लोकांना त्याचा पत्ता लागला, ही खंत वेगळी.

'अनरेस्ट'ची भूमी म्हणजे प्राचीन भारताच्या कल्पित रूपातली भीमरा नगरी. दुष्काळाने ती होरपळली आहे, धान्यासाठी लोक रस्त्यावर उतरू लागले आहेत आणि नागांच्या साम्राज्याशी तहाची बोलणी चालू आहेत. जग वाचवणारा वीर या गेममध्ये नाही. लग्न ठरवलेली शेतकऱ्याची मुलगी आहे, परक्या नगरीत तह घडवू पाहणारे राजदूत आहेत, राजघराण्यातली माणसं आहेत, आणि खेळाडू एकेका प्रकरणात एकेकाच्या अंगात शिरतो. समोरच्या पात्राला आपल्याबद्दल स्नेह किती, आदर किती आणि भीती किती, याचा हिशेब गेम ठेवत जातो. तलवार उपसण्याचे प्रसंग मोजके, आणि तेही बोलण्याने टाळता येण्यासारखे.

त्या मुलीचं प्रकरण खेळताना हात माउसवर थांबतो. घरच्यांशी बोलताना पडद्यावर तीन-चार उत्तरं दिसतात. एक अदबीचं, एक रागाचं, एक विनवणीचं. कुठलंही निवडलं तरी आईबापांच्या मनात काहीतरी हलणार असतं. नकार द्यायचा तर घराचा आधार जातो. होकार द्यायचा तर दुष्काळात दोन वेळच्या भाकरीची सोय होते आणि बाकीचं आयुष्य दुसऱ्याच्या हाती जातं. इथे अनुभवाचे गुण वाढत नाहीत की नवं शस्त्र मिळत नाही. तरीही माणूस पाच मिनिटं उत्तर निवडत नाही.

अशी ही गोष्ट एका सुटीच्या दुपारी, चार-पाच तासांत संपते. तिच्यावर सर्वांत जास्त आलेला आक्षेपही तोच: फार छोटी आहे.

महोदय, हे पत्र त्या आक्षेपाबद्दल आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भोपाळला जागतिक गुंतवणूकदार परिषद भरली आणि त्याच सुमारास राज्याचं एव्हीजीसी-एक्सआर धोरण २०२५ जाहीर झालं. अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि एक्स्टेंडेड रिअ‍ॅलिटी या पाच क्षेत्रांसाठी राज्याने कंबर कसली, ही मनापासून आनंदाची गोष्ट आहे. उद्या आपल्या टेबलावर तरुणांचे प्रस्ताव येतील, त्यांत आरपीजीही असतील, आणि कुणीतरी परीक्षक विचारेल: मुख्य कथा किती तासांची?

हा प्रश्न चुकीच्या जागी आला तर काय होतं, ते पत्रलेखकाने जवळून पाहिलं आहे. एका स्पर्धेच्या अर्जात एकूण तासांचा रकाना होता. चार मित्रांच्या गटाने तिथे चाळीस लिहिलं, कारण त्याहून कमी लिहिलं तर अर्ज पोरकट दिसेल असं त्यांना वाटलं. सादरीकरणाच्या दिवशी त्यांच्याकडे एक गाव होतं, गावात एक विहीर होती आणि विहिरीपाशी पाणी मागणारी एक म्हातारी होती. म्हातारीचं बोलणं इतकं खरं होतं की खोली गप्प झाली. पण चाळीस तासांतला तो अर्धा तास होता. पुढची साडेएकोणचाळीस तासांची गोष्ट कुणीच लिहिली नाही. तो गट पुढे फुटला. सहा तासांचं वचन दिलं असतं तर ती म्हातारी आज लोकांना भेटली असती.

तासांचा मोह नवशिक्यांपुरता नाही. जानेवारी २०२२ मध्ये पोलंडच्या टेकलँड कंपनीने 'डाइंग लाइट २' पूर्णपणे खेळून संपवायला किमान ५०० तास लागतील असं अभिमानाने जाहीर केलं. कौतुक होईल ही अपेक्षा होती, पण खेळाडू उलटेच बिथरले. नोकरी, संसार, अभ्यास सांभाळून ५०० तास आणायचे कुठून? लगेच कंपनीला खुलासा करावा लागला की मुख्य कथा साधारण २० तासांची आहे. म्हणजे सांगायची गोष्ट २० तासांची होती आणि जाहिरात ५०० तासांची.

याहून शिकण्यासारखा दाखला सीडी प्रोजेक्ट रेडचा. 'द विचर ३' हा २०१५ चा त्यांचा गेम आधुनिक आरपीजीचा मानदंड मानला जातो आणि त्याची मुख्य कथा सुमारे ५० तासांची आहे. पण त्याच कंपनीच्या पॅट्रिक मिल्स या ज्येष्ठ क्वेस्ट डिझायनरने २०२० मध्ये सांगितलं की 'सायबरपंक २०७७'ची मुख्य कथा मुद्दाम आखूड ठेवली आहे. खेळाडू 'विचर ३'मध्ये खूप पुढपर्यंत जातात, पण शेवट गाठत नाहीत, हे त्यांना आकडेवारीतून दिसलं होतं. कथा लांब झाल्याच्या तक्रारीही होत्या. एवढा जीव ओतून लिहिलेला शेवट इतक्या लोकांनी पाहिलाच नाही! लेखकाला याहून मोठी शिक्षा कुठली असेल?

जरा घरचा हिशेब मांडून पाहू. कॉलेजातला मुलगा किंवा नोकरी करणारी मुलगी रोज पाऊण तास खेळते असं धरलं, तर ५० तासांच्या कथेला ६७ दिवस लागतात आणि १०० तासांच्या कथेला १३४. मधे परीक्षा येते, लग्नसराई येते, दिवाळी येते. पंधरा दिवसांनी सेव्ह फाइल उघडली की कुणाचा सूड घ्यायला निघालो होतो तेच आठवत नाही. बटणंही विसरलेली असतात. बहुतेक लोक अशाच एका संध्याकाळी गेम कायमचा सोडतात.

म्हणून लांब कथा वाईट, असं मात्र कुणी म्हणू नये. 'पर्सोना ५' या जपानी गेमला शंभर तासांच्या आसपास लागतात आणि ते तास वाया जात नाहीत, कारण त्या गेमची घडणच दिनदर्शिकेची आहे. शाळकरी नायकाचं वर्ष दिवसामागून दिवस उलगडतं: सकाळी वर्ग, दुपारी मित्र, रात्री कॉफीच्या दुकानावरची ती माळ्यासारखी खोली. मैत्री मुरायला दिवस लागतात आणि गेम ते दिवस खरोखर देतो. तिथे काटछाट केली तर मैत्री खोटी वाटेल. उलट फ्रान्समधल्या माँपेलिएच्या सँडफॉल इंटरअ‍ॅक्टिव्हने एप्रिल २०२५ मध्ये 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपेडिशन ३३' आणला. मुख्य कथा सुमारे ३० तासांची, गाभ्याचा चमूही साधारण तीस जणांचा. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम गेमचा मान त्यानेच मिळवला. तिथली माणसं ठरावीक वयाला नाहीशी होतात, मरणाचा आकडा दूरच्या एका अजस्र शिळेवर रंगवलेला असतो. अशा कथेला रेंगाळणं परवडत नाही.

कथेच्या पोटात कुठला प्रश्न आहे आणि तो किती काळ उघडा राहू शकतो, यावर लांबी ठरते. 'अनरेस्ट'मधल्या मुलीचा प्रश्न चाळीस तास उघडा ठेवला असता तर मधे उंदीर मारायची आणि औषधी मुळ्या गोळा करायची कामं घालावी लागली असती. त्या गेमचं उणं लांबीत नव्हतं. एका पात्राशी जीव जडतो न जडतो तोच पुढचं पात्र समोर येतं, आणि पहिल्याच्या निर्णयाचे पडसाद पुढे पुरेसे ऐकू येत नाहीत. सांधे कच्चे राहिले. स्टुडिओला आणखी महिनाभराचा पैसा मिळाला असता, तर तो या सांध्यांवर खर्च व्हायला हवा होता. आणखी दहा तासांच्या भरतीवर नव्हे.

आरपीजीत लांबी इतकी महाग का पडते, हे निगमाने नीट समजून घ्यावं. चित्रपट अर्धा तास वाढला तर खर्च त्या प्रमाणात वाढतो. आरपीजीत निर्णयाच्या फांद्या फुटतात. दोन पर्यायांचे पाच निर्णय म्हणजे ३२ वाटा, दहा निर्णय म्हणजे १०२४. लेखक पुढे वाटा एकत्र आणतात हे खरं, पण प्रत्येक जोडणी तपासावी लागते, प्रत्येक संवाद आधीच्या निवडीशी जुळवावा लागतो. 'डिस्को एलिझियम' या २०१९ च्या गेममध्ये दहा लाखांहून अधिक शब्द आहेत. मिनिटाला १३० शब्दांच्या गतीने कुणी ते सलग वाचायला बसलं तर सव्वाशे तासांहून अधिक लागतील. आता हेच हिंदीत, मराठीत, बुंदेलीत आणायचं म्हटलं तर अनुवाद, ध्वनिमुद्रण, पुन्हा तपासणी. चार-पाच जणांच्या स्टुडिओचं यात कंबरडं मोडतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने हे सोसलं आहे. त्यांचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' रूढ अर्थाने आरपीजी नव्हे, साहसकथा आहे, पण दाखला आपल्याला अगदी जवळचा. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर त्यांची रक्कम जमली नाही. सहसंस्थापक श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं. २०२० मध्ये गेम आला, द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. पाच-सहा तासांत तो संपतो. त्यावरही 'छोटा' म्हणून टीका झाली, आणि शेवट अर्धवट सोडल्यासारखा वाटतो ही दुसरी. पत्रलेखकाला पहिली टीका पटत नाही, दुसरी पटते. भावाच्या शोधात निघालेल्या बहिणीची गोष्ट पाच तासांत सांगता येते. फक्त ती पाच तासांत पुरी व्हायला हवी, पुढच्या भागाच्या भरवशावर लोंबकळू नये. लांबीची तक्रार बऱ्याचदा शेवटाचीच तक्रार असते.

मराठी माणसाला हे नवं नाही. संगीत नाटकाचे प्रयोग एके काळी रात्रभर रंगत, वन्समोअरवर वन्समोअर पडत. पुढे काळ बदलला, नाटक अडीच-तीन तासांवर आलं, आणि म्हणून मराठी रंगभूमी लहान झाली असं कुणी म्हणत नाही. दिवाळी अंकांनी तर दीर्घकथा हा प्रकारच जोपासला, कथेहून मोठा आणि कादंबरीहून आखूड. 'बनगरवाडी' केवढीशी आहे! तिला आणखी दोनशे पानं जोडा असं व्यंकटेश माडगूळकरांना कुणी सांगितलं असतं, तर आपण त्या माणसाला काय म्हटलं असतं?

मध्य प्रदेशात एक जास्तीचा मोह आहे. इथे सामग्री अफाट. राजा भोज, राणी कमलापती, बेगमांची राजवट, गोंडांच्या कथा, सगळं एकाच गेममध्ये कोंबावंसं वाटेल. पण भोपाळपासून ४५ किलोमीटरवरच्या भीमबेटकाची प्राचीन शैलचित्रं वेगळंच शिकवतात. १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेने जात असताना त्यांना ते डोंगर दिसले आणि हा ठेवा जगापुढे आला. तिथल्या एका खडकावर शेकडो प्राणी रंगवलेले आहेत, पण ते एका हाताने एका बैठकीत काढलेले नाहीत. एकाने आपला कळप काढला, कित्येक पिढ्यांनी दुसऱ्याने त्यावरच आपले घोडेस्वार काढले. प्रत्येकाची शिकार तेवढ्या जागेत पुरी झालेली दिसते. आपल्या स्टुडिओंनाही एका वेळी एकच शिकार काढू द्या.

म्हणून निगमाकडे मागणी अशी. प्रस्तावाच्या नमुन्यात एकूण तासांचा रकाना ठेवू नका. त्याऐवजी कथेचा शेवट एका पानात लिहून मागा. शेवट ठाऊक नसलेल्या गटाला थांबायला सांगा, मग त्यांचं चित्रकाम कितीही देखणं असो. मुख्य कथा आणि उपकथा यांचा अंदाज वेगवेगळा मागा, म्हणजे ५०० तासांसारखी फसगत होणार नाही. पहिलाच गेम करणाऱ्या लहान चमूला सहा ते दहा तासांची मुख्य कथा पुरेशी माना, आणि त्याहून लांब काही करायचं असेल तर ती लांबी कशासाठी, हे त्यांच्याकडून ऐकून घ्या. 'पर्सोना'सारखं कारण असेल तर मोकळ्या हाताने द्या. अनुदानाचा शेवटचा हप्ता, तोही घसघशीत, अनोळखी वीस जणांनी गेम शेवटापर्यंत खेळल्यावर सोडा. ते वीस जण कुठे थांबले, कुठे कंटाळले, याची नोंद चमूला द्या. ती नोंद कुठल्याही सल्लागारापेक्षा जास्त शिकवील.

आणखी एक. भारत भवनात 'अंतरंग' नावाचं नाट्यगृह आहे. वर्षातून एका शनिवारी तिथे राज्यात बनलेला एक गेम प्रेक्षकांसमोर पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत खेळला जावा. मंचावर एक मोठा पडदा, एक खुर्ची आणि एक कंट्रोलर. उत्तर कुठलं निवडायचं ते प्रेक्षकांनी हात वर करून ठरवायचं. सुरुवात 'अनरेस्ट'ने करता येईल. दुपारी तीनला दिवे मंद केले, मधे चहाला वीस मिनिटं दिली, तरी रात्री नऊच्या आत भीमराची गोष्ट संपेल आणि लोकांना घरी जायला बस मिळेल.

कळावे,
भोपाळचा एक मराठी खेळाडू