कुळाची ढाल

"सर, इंग्रजांच्या घराण्यांना ढाल असते, ब्रीदवाक्य असते. आपल्याकडे तसले काही का नाही?" आमच्या अंधेरीच्या वर्गात एका चिरंजीवांनी विचारले. मी म्हटले, बाबा रे, तुझ्या आईवडिलांच्या लग्नात देवक बसवले असेल ना? कुणाचा कळंब, कुणाचे मोराचे पीस, कुणाचे सूर्यफूल. ते कुळाचे चिन्हच की! आपण ते ढालीवर न रंगवता मांडवात पुजतो, इतकेच.

पण अस्सल विलायती ढाल मिळवलेले एक घराणे मुंबईत होते, आणि तेही मूळचे बाहेरून आलेल्यांचे. धर्म सांभाळीत इराण सोडून गुजरातच्या किनाऱ्याला लागलेल्या पारशांपैकी जमशेटजी जीजीभाई हे एक. ज्यांच्या नावाचे जे. जे. रुग्णालय, तेच हे. जन्म १७८३ चा. मामांच्या रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात सुरुवात केली आणि चीनच्या व्यापारात गब्बर झाले. त्या व्यापारात कापूस होता तशी अफूही होती. दानशूरांच्या चरित्रात हे पान बहुधा लवकर उलटतात. १८४२ साली ते 'सर' झाले, १८५७ साली बॅरोनेट. दोन्ही मान मिळवणारे पहिले हिंदी गृहस्थ.

ढाल मोठी पाहण्यासारखी आहे. निळ्या आकाशाखाली आपला सह्याद्रीचा घाट, त्यावर उगवता सूर्य, वर दोन मधमाश्या. शिरोभागी चोचीत गव्हाची लोंबी धरलेला मोर. ब्रीद 'उद्योग आणि औदार्य'.

पुढे १८६० साली कायदाच झाला, की किताबाबरोबर वारसाने जमशेटजी जीजीभाई हे नावही घ्यावे. म्हणून मुलगा कर्सेटजी 'जमशेटजी' झाले. मग माणेकजी, कावसजी, रुस्तमजी, सारे 'जमशेटजी'! आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात तेव्हा कुणाला काही वाटत नाही. इथे पगडीवाल्यांवर पाळी आली. वंशावळ लिहिणाऱ्याची मात्र त्रेधा.

या ढालीवर जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांची काही खूण नाही. वांद्रे आणि माहीम यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसे बुडत. आवाबाईंनी दीड लाखावर रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. बाईंची अट एकच होती : येणाऱ्याजाणाऱ्याकडून कर घ्यायचा नाही. बोरिवली-अंधेरीकडच्या गाड्या आजही त्यावरून शहरात जातात, आणि तिथे कुणी पावती फाडीत नाही.