नोकरी गेल्यानंतरचा औषधोपचार

म्हैसूरच्या यादवगिरी भागातील आयडियल जावा हा मोटारसायकलींचा कारखाना १९९६ साली बंद पडला. ‘येझदी’च्या चाहत्यांनी त्याविषयी पुष्कळ हळहळ व्यक्त केली आहे. कारखाना बंद पडल्यावर कामगाराच्या घरातील औषधोपचाराचे काय होते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. राज्य कामगार विमा योजनेची, म्हणजे ‘ईएसआय’ची वर्गणी वेतनातून कापली जाते. वेतन थांबले की वर्गणी थांबते आणि काही महिन्यांत रुग्णालयाचा हक्कही संपतो.

या अडचणीवर केंद्र सरकारचे ठोस साहाय्य १ एप्रिल २००५ रोजी आले. कारखाना बंद झाल्याने अथवा कामगार कपातीमुळे नोकरी गेलेल्या विमाधारकास निम्म्या वेतनाइतका भत्ता आणि तेवढ्या काळापुरती सहकुटुंब वैद्यकीय सेवा, अशी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची तरतूद होती. सहा महिन्यांची मूळ मुदत पुढे टप्प्याटप्प्याने २४ महिन्यांवर नेण्यात आली. आयडियल जावाच्या कामगारांच्या दृष्टीने मात्र तोवर नऊ वर्षे उलटून गेली होती.

तथापि, खरी अडचण मुदतीपेक्षा व्याख्येत होती. टाळेबंदीचा काळ या साहाय्यातून वगळण्यात आला. व्यवस्थापनाने दाराला टाळे लावले, परंतु कारखाना रीतसर बंद केला नाही, तर कामगाराला ना वेतन, ना भत्ता! २०१८ मध्ये आलेल्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेने बेरोजगारीची कक्षा काहीशी रुंदावली. पण तिचे साहाय्य आयुष्यात एकदाच आणि ९० दिवसांपुरते ठरविण्यात आले.

ईएसआयच्या १९५० च्या केंद्रीय नियमांतील आणखी एक तरतूद येथे नमूद केली पाहिजे. पाच वर्षे विमाधारक राहून स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यास वर्षाला अवघे १२० रुपये भरून पती-पत्नींसाठी उपचार चालू ठेवण्याची मुभा तीत देण्यात आली. इच्छेविरुद्ध घरी बसविलेल्या कामगाराला ती मिळाली नाही. हा भेद समर्थनीय वाटत नाही.

अमेरिकेने २००९ च्या मंदीत नोकरी गमावलेल्यांच्या जुन्या आरोग्य विम्याच्या हप्त्याचा ६५ टक्के भार काही महिने उचलला होता; २०२१ मध्ये सहा महिने संपूर्ण हप्ता सरकारने भरला. आपल्याकडे आयुष्मान भारत योजना आहे खरी. पण ती रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. मधुमेहाच्या दरमहाच्या गोळ्या तीत बसत नाहीत आणि बेकार कामगाराच्या घरी आधी त्याच बंद होतात. १२० रुपयांची ती सवलत त्यालाही लागू करण्यास फार मोठ्या खर्चाची गरज भासू नये.