बुलेट डबल स्टँडवर चढते कशी?



या आठवड्याच्या टपालात कोल्हापूरच्या एका आठवीतल्या मैत्रिणीचं पत्र आहे. तिच्या आजोबांकडे जुनी बुलेट आहे. अँपिअर मीटरचा काटा मध्ये आणून आजोबा अजूनही एका किकमध्ये ती सुरू करतात. अडतं ते घरी आल्यावर. गाडी डबल स्टँडवर काही चढत नाही. गेल्या पावसाळ्यात ओढताना आजोबांच्या कमरेत उसण भरली, तेव्हापासून घरात एकच घोषा : ‘विकून टाका ती फटफटी!’ आता ती विचारते, ‘माझं वजन ४२ किलो आहे. मी लावू शकेन का गाडी स्टँडवर?’

लावू शकशील. आणि आजोबाही लावू शकतील. पण त्यासाठी आधी हे कळायला हवं, की गाडी हातानं उचलायचीच नसते.

बहुतेक जण काय करतात? स्टँड पायानं खाली दाबतात, सीटखाली हात घालतात आणि दात-ओठ खात गाडी वर ओढतात. बुलेट म्हणजे दीडशे किलोंच्या वरचं धूड. ती कमरेच्या जोरावर वर ओढायची म्हणजे उसण ठरलेलीच.

आता गाडीशेजारी उकिडवे बसा आणि स्टँडकडे नीट बघा. स्टँडचे दोन पाय वरच्या बाजूला बोल्टनं चॅसीला जोडलेले असतात. मागे एक छोटा दांडा बाहेर आलेला असतो, त्यावर आपण पाय देतो. स्टँड खाली ढकलला, की त्याचे पाय जमिनीला तिरके टेकतात. म्हणजे बोल्ट पुढे, जमिनीला टेकलेली टोकं मध्ये आणि आपला दांडा मागे. ओळखीचं वाटतंय ना? बागेतला सी-सॉ! विज्ञानाच्या पुस्तकातली पहिल्या प्रकारची तरफ. मधला टेकू म्हणजे जमिनीला टेकलेली टोकं, पुढे भार म्हणजे गाडी आणि मागे बल म्हणजे तुमचा पाय.

थोडं गणित करू. समजा गाडी १६५ किलोंची आहे आणि स्टँडवर चढताना ती सरासरी अडीच सेंटिमीटर वर जाते. १६५ गुणिले अडीच म्हणजे साधारण ४१२. तुमचा पाय तेवढ्या वेळात २० सेंटिमीटर खाली जातो असं धरा. ४१२ भागिले २०, म्हणजे जेमतेम २१. सरासरी २१ किलोंचा दाब पुरला की! ४२ किलोंची मुलगी नुसती दांड्यावर उभी राहिली, तरी याच्या दुप्पट दाब पडतो.

मग गाडी इतकी जड का लागते? कारण ही सरासरी आहे. सुरुवातीला स्टँड खूप तिरका असतो, बोल्ट टेकूपासून लांब असतो आणि भार जास्त जाणवतो. स्टँड उभा होत जातो तसं हे अंतर कमी होतं आणि शेवटी तर गाडी आपसूक ‘खट्’ करून बसते. म्हणजे खरी लढाई पहिल्या दोन-तीन इंचांची. खासबागेतल्या मैदानातही वजनदार पैलवानाला हलकं पोर कसं उचलतं? आधी त्याचा तोल काढतं, मग अंगाचं वजन टाकतं.

आता करायचं कसं ते सांगतो. गाडी न्यूट्रलमध्ये हवी, कारण चढताना ती वर जाते तशीच मागेही सरकते. गिअरमध्ये असली किंवा ब्रेक दाबला असला तर ती अडून बसणार. डाव्या बाजूला उभं राहायचं. डावा हात हँडलवर, उजवा हात सीटजवळच्या धरायच्या कडीवर. उजव्या पायानं स्टँड हलकेच दाबून गाडी किंचित डावी-उजवी हलवायची, म्हणजे स्टँडचे दोन्ही पाय टेकल्याचं तळपायाला कळतं. एकच पाय टेकला असेल तर गाडी कलंडते, तेव्हा इथं घाई नको. दोन्ही टेकले, की उजवा पाय सरळ ठेवून सगळं वजन दांड्यावर टाकायचं. उजव्या हातानं गाडीला फक्त मागची वाट दाखवायची. आणि हो, कोल्हापुरी चप्पल कितीही झोकदार दिसली, तरी तिचा चामड्याचा तळ लोखंडावर घसरतो. बूट घाला.

तरीही जड गेलं तर एक फळी घ्या. पाऊण इंच जाड, हातभर लांब. सुताराकडून एका कडेला रंध्यानं उतार करून घ्या. मागचं चाक (स्टँड नव्हे!) फळीच्या मधोमध येईल अशी गाडी ढकला. गाडी आधीच वर आल्यामुळे स्टँड कमी तिरका टेकतो आणि तो सगळ्यात जड टप्पा निघून जातो. श्रम फुकटात वाचत नाहीत बरं का! फळीवर ढकलताना थोडे केले, उरलेले स्टँडवर. किराणा हप्त्यानं भरल्यासारखं.

जुन्या गाडीचे स्वतःचे रोगही असतात. मागच्या टायरमध्ये हवा कमी असली, की गाडी बसते आणि तिला जास्त उचलावं लागतं. बोल्टला वर्षानुवर्षं ग्रीस मिळालेलं नसतं. बुश झिजलेला असला, तर स्टँड वाकडा टेकतो. शिवाजी उद्यमनगरात लेथवर नवा बुश करून मिळतो. तिथंच दांडा दोन इंच वाढवून घेतला तर दाब आणखी कमी लागेल, फक्त स्टँड मिटल्यावर तो सायलेन्सरला घासत नाही ना ते पाहा. काही जण मात्र झिजलेल्या पायांखाली जाड पट्टी वेल्ड करून आणतात आणि मग गाडी पूर्वीपेक्षा जड झाली म्हणून मिस्त्रीला बोल लावतात. पाय उंच केले म्हणजे गाडी जास्त उचलावी लागणारच!

जागाही बघा. उतार असेल तर गाडीचं तोंड चढाकडे करा. त्यामुळे मागे सरकायला सोपं जातं आणि गाडी आपोआप स्टँडवरून सुटत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत स्टँड रुततो, तेव्हा खाली शहाबादी फरशीचा तुकडा टाका.

पहिल्या चार-पाच वेळा उजव्या बाजूला कुणीतरी मोठं माणूस उभं असू द्या. उतरवताना आधी साइड स्टँड उघडा, दोन्ही हातांनी हँडल धरून गाडी पुढे ढकला आणि चाक टेकलं, की पुढचा ब्रेक दाबा. किक मात्र १८ वर्षं पूर्ण होऊन लायसन्स मिळेपर्यंत आजोबांनाच मारू द्या.