दुखणे खरे, कारण कोणते?

गोव्यातील एखाद्या गावात मोबाईलचा मनोरा येणार म्हटले की ग्रामसभा तापते. डोके दुखते, झोप लागत नाही, छाती धडधडते, अशी गाऱ्हाणी मांडली जातात. त्यांची टवाळी करणे आम्हांस मान्य नाही. दुखणे खरेच असते. वाद आहे तो कारणाचा.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांचा एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. मोबाईलच्या लहरींचा त्रास होतो म्हणणारे ६० आणि तसे न म्हणणारे ६० लोक त्यात होते. लहरी चालू आहेत की बंद, हे ना त्यांस ठाऊक, ना तपासणाऱ्यांस. त्रास सांगणाऱ्यांचे डोके लहरी बंद असतानाही तितकेच दुखले. नुसती धास्तीही माणसाला आजारी पाडू शकते, हे ध्यानी घ्यावयास हवे.

म्हणून सरकार मोकळे सुटत नाही. मनोऱ्यांच्या लहरींची मर्यादा भारताने २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. परंतु कागदावरील आकड्याने गावकऱ्याची धास्ती कशी जावी? मोजणी त्याच्या समक्ष व्हावी आणि आकडे पंचायतीच्या फलकावर लागावेत.

आणि ज्याचे डोके रोज दुखते, त्याने मनोऱ्याकडे बोट दाखवून थांबू नये. अर्धशिशी, दृष्टिदोष की मध्यरात्रीपर्यंत हातात धरलेला मोबाईल, हे डॉक्टरांकडूनच तपासून घ्यावे. निदान चुकले तर उपचारही चुकतो. मग मनोरा हटला तरी दुखणे घरातच राहते.