गाडी घाटात थांबली, तर चिडू नका!

लातूर एक्स्प्रेस लोणावळा सोडून घाट उतरू लागते किंवा नंदीग्राम इगतपुरीनंतर कसाऱ्याच्या घाटात शिरते, तेव्हा वेग कमी होतो. पावसाळ्यात तर गाडी मध्येच उभी राहते. आपण काय करतो? लगेच स्टेटस टाकतो, ‘रेल्वेचा कारभार, दुसरं काय!’ मीही टाकलंय. पण दोन तारखा वाचल्यापासून हात आखडतो.

पहिली तारीख २२ जून २००३. कारवारहून मुंबईला निघालेली हॉलिडे स्पेशल रात्री वैभववाडीजवळ रुळांवर कोसळलेल्या दरडीवर आदळली. पन्नासहून जास्त माणसं गेली. वर्षही पुरतं झालं नव्हतं, तोच १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दरडीतल्या दगडांवर आदळली. पुन्हा बळी गेले. त्यानंतर कोकण रेल्वेने डोंगरउतार छाटले, जाळ्या बसवल्या, गस्त वाढवली. आज पावसाळ्यात तिथे गाड्या मुद्दाम हळू चालतात.

दुसरी तारीख १ मार्च १९१०. अमेरिकेतल्या वेलिंग्टन स्टेशनात बर्फामुळे दोन गाड्या कित्येक दिवस अडकल्या होत्या. मध्यरात्रीनंतर डोंगरावरचा बर्फ सुटला आणि दोन्ही गाड्या दरीत फेकल्या गेल्या. ९६ बळी! वरच्या उतारावरची झाडं आगीत आणि तोडीत आधीच संपली होती, बर्फ अडवायला काही उरलंच नव्हतं. तरी कोर्टात शेवटी ठरलं काय, तर दैवी आपत्ती. रेल्वेने स्टेशनचं नाव बदललं. नवा लांब बोगदा व्हायला मात्र १९२९ उजाडलं.

‘निसर्गाचा कोप’ हा शब्द आपल्याला नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जमीन हलली, हे खरं. पण माणसं मेली ती मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींखाली. धक्का निसर्गाचा, भिंत माणसाची. डोंगराचंही तसंच. पाऊस आपल्या हातात नाही. उतार किती उभा कापायचा, झाडं ठेवायची की नाही, रात्री रुळावर कंदील घेऊन कुणी चालायचं, हे सगळं माणूसच ठरवतो.

म्हणून दोस्तहो, गाडी लेट झाली तर जरूर विचारा. फक्त ‘का थांबवली?’ एवढ्यावर थांबू नका. ‘या घाटात गस्तीला पुरेशी माणसं आहेत का?’ हेही विचारा. तुम्ही डब्यात झोपलेले असता, तेव्हा भर पावसात कुणीतरी तुमच्यासाठी रूळ तपासत चाललेला असतो. एक तास उशीर चालेल. घरी पोचणं महत्त्वाचं.