प्रणालीची मूळ संहिता व विद्यार्थी

संगणक ज्या प्रणालीच्या आज्ञेनें चालतो ती मनुष्यानेंच लिहिलेली असते; तिचा मूळ लेख म्हणजे मूळ संहिता. ती वाचण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वकिलांचा आहे असें पुष्कळ पालकांस वाटतें. आमच्या मतें तो आधीं विद्यार्थ्यांचा आहे.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणाली रचण्यास आरंभ केला. मालक कंपनी एटी अँड टी हिला १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळें संगणकाच्या धंद्यांत पडतां येत नव्हतें; म्हणून तिनें ही संहिता विद्यापीठांस अल्प मोबदल्यांत दिली. ऑस्ट्रेलियांतील अध्यापक जॉन लायन्स यांनीं सहाव्या आवृत्तीवर, आपल्याकडे शास्त्रग्रंथांवर लिहीत तशी, विस्तृत टीका लिहून ती वर्गांत शिकविली. पण १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यानें संहिता वर्गांत शिकविण्यास मनाई केली. परिणाम काय? लायन्स यांची टीका छायाप्रतींच्या छायाप्रती होऊन हातोहात फिरली, आणि ती उघडपणें छापली जाण्यास १९९६ साल उजाडावें लागलें! हॉलंडांत अध्यापक टॅनेनबाम यांस तर शिकविण्याकरितां मिनिक्स ही निराळी प्रणालीच लिहावी लागली.

फिनलंडांतील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यानें १९९१ त लिनक्स प्रसिद्ध केली व पुढील वर्षीं तिला जीपीएल हा परवाना लाविला. प्रत घ्या, बदला, विकाहि; मात्र बदललेली प्रणाली दुसऱ्यास द्याल तर तिची संहिताहि द्या, ही त्याची अट. कोणी हिला जुलूम म्हणतात. विहिरीचें पाणी सर्वांनीं न्यावें, पण तिला कुलूप घालूं नये, असें म्हणणें जुलूम कसा?

प्रमाणाची गोष्ट वेगळी. १९८८ चें पॉझिक्स हें प्रमाण, प्रणालीनें कोणत्या हांकेस कसें उत्तर द्यावें एवढेंच सांगतें. त्यामुळें एका प्रणालीकरितां लिहिलेलें काम दुसरीवर थोड्या श्रमांत चालतें. हा लाभ मोठा आहे. पण संहिता उघडी असावी असें तें म्हणत नाहीं. ‘युनिक्स’ हें नांव ओपन ग्रुप या संस्थेच्या कसोट्या उतरून व शुल्क भरूनच लावितां येतें. २००७ त तें ॲपलच्या मॅक प्रणालीस मिळालें, जिचा बराच भाग झांकलेला आहे. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांजवळ तें प्रमाणपत्र नाहीं. वजनावरील सरकारी शिक्का वजन खरें एवढेंच सांगतो. दुकानदार कोठार दाखवील कीं नाहीं, हें सांगत नाहीं.

म्हणून शाळेकरितां संगणक घेतांना पालकांनीं दोन्ही गोष्टी निरनिराळ्या विचाराव्या, आणि दुसरी अधिक आग्रहानें. केरळांतील सरकारी शाळांत लिनक्सवर आधारलेली प्रणाली कित्येक वर्षें चालत आहे. तेथील एखाद्या मुलीस ती कशी चालते हें पहावेंसें वाटलें, तर तिला कोणाची परवानगी मागावी लागत नाहीं.